बेअरिंग तापलंय

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात मशीन बंद करायचा हक्क दोघांनाच होता, मॅनेजरांना आणि फिटरकाकांना. मॅनेजर तो कधी वापरत नसत. काका मात्र मनसोक्त वापरत.

खिशात पाना घालून ते फेरी मारायचे आणि मशीनपेक्षा चालवणाऱ्याच्या तोंडाकडेच जास्त बघायचे. कुणी उगाच खेकसायला लागलं, कुणाची नजर एका जागी थिजली, की काका मोटरीवर हात ठेवून ओरडायचे, "बेअरिंग तापलंय! बंद कर. थंड होईस्तोवर बाहेर जाऊन बस." माणसाला विश्रांती हवी म्हटलं की वरून शंभर प्रश्न येतात, मशीनला हवी म्हटलं की कुणी चकार शब्द काढत नाही. काका लबाडच होते, पण असा लबाड प्रत्येक कारखान्याला मिळो.

मग दुसरा फिटर काम सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. सगळं काम काकांच्या गळ्यात पडलं. घरी लाडकी नात मांडीवर बसायला आली, तर "जा गं तिकडे" म्हणून ते तिच्यावर ओरडले. तेव्हापासून ती लांबूनच बघायची. ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं, पण तिची समजूत काढायचंही त्राण उरलं नव्हतं.

एका सकाळी नट निघेना, तर काकांनी पाना जमिनीवर आपटला. सगळी शेड चपापली.

थोड्या वेळाने प्रेसवरच्या ताईने हक्क नसताना मशीन बंद करून हाक मारली, "काका, बेअरिंग तापलंय."

त्यांनी हात लावला. "अगं, गार आहे हे."

"नीट बघा," म्हणत तिने स्टूल पुढे सरकवलं. बाकीचे सगळे भलतीकडेच बघत होते.

तेवढ्यात मॅनेजर आले. आता बिंग फुटणार, असं काकांना वाटलं. मॅनेजरांनी मोटरीवर हात ठेवला आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तापलंय खरं," ते म्हणाले. "काका, घरी जा. नवा फिटर येईपर्यंत निम्मी मशीनं बंद ठेवू. आणि तुमची बेअरिंगं आजवर गारच असायची. मीही हात लावून बघायचो."

भरदुपारी आजोबांना बघून नात दाराआड गेली. काका दाराशीच बसले. "ये ना," ते म्हणाले. "चुकलं माझं."

ती हळूच येऊन मांडीवर बसली. गोष्ट सांगता सांगता काकांचाच डोळा लागला, आणि ती मुळीच हलली नाही.