श्रीमंतांचा स्फटिक

रागावली की माणसं अरेतुरेवर येतात. श्रीमंत रागावले की 'तुम्ही'वरून 'आपण'वर जायचे. थोडे चिडले तर "बाई, आपलं चुकतंय." फारच भडकले तर "आपल्यासारख्या विदुषीला मी पामर काय सांगणार!" ओसाकाच्या त्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे हा सगळा मानमरातब माझ्या एकटीच्या वाट्याला यायचा. मिरजेचा हा गृहस्थ पांढऱ्या कोटाच्या आत रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, म्हणून मी त्यांना 'श्रीमंत' म्हणू लागले. चिडवायला ठेवलेलं नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

मी पुण्याहून नुकतीच पीएच.डी. होऊन आले होते. जगातली सगळी उत्तरं माझ्या पर्समध्ये होती, प्रश्न कुठले ते तेवढं माहीत नव्हतं. शनिवारच्या चर्चेत मी तावातावाने बोलायचे. मग चहाच्या वेळी श्रीमंत शेजारी येऊन हळूच म्हणायचे, "बाईंचं म्हणणं इतकं देखणं होतं, की ते खरं असायला हवं होतं." दिवाळीला मी श्रीखंड केलं. ते खाऊन म्हणाले, "उत्तम. वेलदोडा जरा कमी असता तर श्रीखंडाचीही चव कळली असती." वाटी मात्र पुसून पुसून खाल्ली.

माझी नात हल्ली टीव्हीवर दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या प्रेमकथा बघते. हातमोजे घालून नाचणारी माणसं, अर्धी मालिका एकमेकांना टोमणे मारतात आणि मग प्रेमात पडतात. "आज्जी, एवढा टाइमपास कशाला? डायरेक्ट सांगायचं ना!" असं ती विचारते. तिला काय सांगू? हातात मोजे असले की वेळ लागतो, बाळे. तिच्या आजोबांच्या आणि माझ्या हातात तर रबरी मोजे होते, आणि शेजारच्या खोलीत काचेपलीकडे सेन्सेई, म्हणजे आमचे जपानी गुरुजी.

आमचं काम प्रथिनांचे स्फटिक वाढवण्याचं. प्लास्टिकच्या तबकातल्या खळग्यांत एकेक थेंब ठेवायचा आणि वाट बघायची. स्फटिक चांगला वाढला तर त्यावर क्ष-किरण सोडून प्रथिनाचा आकार कळतो. नाही वाढला तर थेंबात नुसता ताकासारखा गढूळपणा. सेन्सेईंनी आम्हाला दोन प्रथिनं दिली होती, सख्ख्या भावंडांसारखी. जानेवारीत त्यांनी दोघांना बोलावून शांतपणे सांगितलं, एप्रिलपासून जागा एकच आहे. ज्याचं काम पुढे जाईल तो राहील.

मी त्या दिवसापासून तबकाची पाठ सोडली नाही. आलं की बघ, जेवून आलं की बघ. प्रत्येक वेळी तबक हलायचं, तापायचं, आणि थेंब आणखी गढुळायचे. श्रीमंत म्हणाले, "बाई, विरजण लावलेलं दूध कुणी दर तासाला ढवळून बघतं का?" मी म्हणाले, "तुम्ही तुमचं भांडं सांभाळा." त्यांनी सांभाळलं. फेब्रुवारीत त्यांचा स्फटिक वाढला.

तो मीही पाहिला. साखरेच्या दाण्याहून लहान, पण कडा अशा, की जणू आत्ताच कुणी पट्टी धरून आखल्यात. आतून उजेड असल्यासारखा. माझा जळफळाट व्हायला हवा होता, पण मी बोलायचंच विसरले. प्रयोगशाळेत ही बातमी स्फटिकापेक्षा मोठी ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनातल्या मनात बॅगा भरत बसले होते. श्रीमंत माझ्या टेबलापाशी आले. एका हातात छोटी नळी, दुसऱ्या हातात मांजराची मिशी. हसू नका, सेन्सेईंच्या घरच्या मांजराच्या गळलेल्या मिशा आम्ही जपून ठेवायचो. स्फटिकाचा चुरा मिशीच्या टोकाला लावून दुसऱ्या थेंबातून ओढला, की त्यातही कधी कधी स्फटिक धरतो.

"आपली हरकत नसेल तर विरजण आणलंय," ते म्हणाले.

"कुठून आणलंत?"

"घरचंच आहे."

मला शंका आली. मी उठून त्यांचं तबक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. थेंब रिकामा होता.

"स्फटिक कुठाय तुमचा?"

"कुटला."

मी मराठीत इतकी ओरडले, की सेन्सेई काचेपलीकडे उभे राहिले. "वेड लागलंय का तुम्हाला? एकुलता एक होता तो! आता तुमचं काय?"

श्रीमंत नळीकडे बघत म्हणाले, "स्फटिक पुन्हा वाढेल. बाई पुण्याला परत गेल्या, तर या अख्ख्या ओसाकात मला भांडायला कोण आहे?"

पर्समधली सगळी उत्तरं पर्समध्येच ठेवली. मी थेंब पुढे केला.

मग मी तबकाकडे फिरकू नये म्हणून ते मला रोज दुपारी तळ्याभोवती चालायला नेऊ लागले. चालताना आम्ही हवेवर, भातावर, कशावरही भांडायचो. माझा स्फटिक वाढला. त्यांचा पुन्हा वाढलाच नाही. सेन्सेईंना त्यांनी सांगितलं, उचलताना हातून फुटला. सगळी प्रयोगशाळा त्यांना धांदरट म्हणाली आणि ते मान डोलावत राहिले. मी खरं सांगायला निघाले, तर वाटेत आडवे आले. "आपण तोंड उघडलंत, तर दोघांनाही घरी पाठवतील. मग माझा स्फटिक फुकट गेला."

जागा मला मिळाली. ते टोकियोत एका कंपनीत लागले आणि संशोधन सुटलं ते सुटलंच. पुढे आमचं लग्न झालं, मुलगी झाली, मीही टोकियोला आले. विद्यापीठ का सोडलंत, असं कुणी विचारलं की ते खुशीत सांगत, "स्पर्धेत बाईंनी चीत केलं." मी मध्ये तोंड घातलं, की म्हणायचे, "हिची स्मरणशक्ती फार उदार आहे." लोक हसत. माझं खरं बोलणं त्या हसण्यात बुडायचं, दर वेळी.

गेल्या हिवाळ्यात ते रुग्णालयात होते. सलाइन बदलता बदलता तरुण नर्सने विचारलं, आजोबा, तुम्ही काम काय करायचात? त्यांनी जपानीत आपलं जुनंच उत्तर दिलं, हिच्याशी स्पर्धा केली आणि हरलो. नर्स हसली. मी हसले नाही. इतक्या वर्षांनंतरही मोडक्यातोडक्याच राहिलेल्या माझ्या जपानीत, शब्द आठवत आठवत, तिला सगळं सांगितलं. तो स्फटिक कसा होता, तो कुणी कुटला, आणि कुणासाठी.

तिने हातातली नळी खाली ठेवली. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन सरळ उभी राहिली आणि कमरेतून वाकली, ती कितीतरी वेळ तशीच.

मी श्रीमंतांकडे पाहिलं. आता खोडून काढतील, म्हणून वाट बघत राहिले. त्यांनी उशीवरचं डोकं जरासं उचललं, आणि तिचा नमस्कार घेतला.