ट्रेडमिलची चावी माझ्याकडे आहे

सिल्वासातल्या मंडळींनो, हसू नका. घरून काम करताना मी टेबलाखालच्या छोट्या ट्रेडमिलवर चालते. खालच्या वहिनींचे मिस्टर नाइट शिफ्ट करून दिवसा झोपतात, म्हणून दुपारी मशीन बंद ठेवायचं, असं आमचं ठरलंय.

आज मला अथालच्या कंपनीत बोलावलं होतं. संध्याकाळी परतले तर वहिनी जिन्यातच चिडल्या, "अगं, दुपारभर चालत होतीस! ह्यांचा डोळा लागला नाही."

"वहिनी, मी एकटी राहते आणि सकाळपासून बाहेर होते. चावीशिवाय मशीन सुरूच होत नाही. ही बघा चावी."

वहिनींनी माझा हात धरून मला त्यांच्या घरात नेलं आणि छताकडे बोट दाखवलं.

आता त्यांच्याच घरात बसून हे लिहितेय. चावी माझ्या मुठीत आहे आणि डोक्यावर, माझ्या घरात, ट्रेडमिलचा पट्टा फिरतोय, त्यावर पावलं पडतायत.

वहिनी हळूच म्हणाल्या, "रोज ऐकते ना मी. चाल तुझीच आहे गं."

वर जाऊन बघायला कोण येतंय माझ्यासोबत?