येळवशीला गाव रिकामं असतं म्हणे!

जायचं ठरलं ते शाळेच्या स्टाफरूममध्ये, हातातला चहा संपायच्या आत. माझी सहकारी महानंदा म्हणाली, "यंदा येळवशीला आमच्या गावी चल. माझी आत्या, आक्का, म्हणून राहिली, जितकी माणसं आणता येतील तितकी आण." मी नांदेडची, विष्णुपुरीला राहते. येळवस म्हणजे लातूरकडची वेळा अमावस्या, त्या दिवशी झाडून सगळे रानात जाऊन जेवतात, एवढंच ऐकून होते. जेवायचं आमंत्रण, आणि वर माणसं आणा असा आग्रह! रजेचा अर्ज मी चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच लिहिला.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. आदल्या दिवशीच पोचा, कारण येळवशीला दुकानं बंद आणि एसटीत तुम्ही आणि ड्रायव्हर. नांदेड, लोहा, अहमदपूर हा रस्ता झकास आहे, बायकांना तिकीट अर्धं. आणि कंडक्टर "शिरूर, शिरूर!" ओरडला की लगेच उतरू नका. मी उतरले. ते निघालं शिरूर ताजबंद, मला जायचं होतं शिरूर अनंतपाळला! महानंदा माझ्या आधीच गावी गेली होती. फोनवर तिला हसू आवरेना. "अगं, नवा माणूस तिथंच उतरतोय. भजी खा अन् काळीपिवळी जीपनं ये." भजी लई तिखट होती. डोळ्यांतून पाणी काढत, पण मजेत, मी चाकूर, नळेगाव करत निघाले.

बाहेर मात्र बघवत नव्हतं. यंदा पावसानं पार तोंड फिरवलेलं. ज्वारी गुडघ्यालाही आली नाही, नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. हिरवं काय ते फक्त प्लॉटिंगच्या बोर्डांवर! "नव्या जिल्ह्याच्या दारात तुमचं हक्काचं घर." नवा जिल्हा कुठं झालाय, म्हणून मी जीपवाल्याला विचारलं.

"हून राहिलाय की," तो म्हणाला. "मी शाळंत होतो तवापासून हून राहिलाय."

महानंदाची आत्या म्हणजे शांताक्का. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की दोन गल्ल्यांना फोनची गरज नाही. पाणी प्यायला दिलं आणि मला थेट परसातल्या आडाशी नेलं. वाकून पाहिलं तर तळाशी पाणी चमकत होतं. गावातले बाकीचे आड कोरडे. टँकर आला तर आला, नाही तर अर्धं गाव इथूनच भरतं.

"हे पाणी माझं न्हाई," आक्का म्हणाली. "त्या माळाचं हाय."

माळ म्हणजे गावामागचं गायरान. मुरूम, कुसळी गवत, बोरी. पाऊस पडतो तो तिथं मुरतो आणि झिरपत आडात येतो. त्याच माळावर प्लॉटिंगवाल्यांनी मागणी केली होती. जमीन पडीक आहे, कोणी वापरत नाही, वसाहतीसाठी द्या. आधी यंत्रानं माळ खरवडणार, मग रस्ते, मग काँक्रीट. म्हणजे आडाचं पाणी संपलंच. उद्या महसूलचे साहेब पाहणीला येणार होते. जमीन वापरात दिसली नाही, की मागणी पुढं सरकणार.

"उद्या? येळवशीला?" मी विचारलं.

"हाव!" आक्का खो खो हसायला लागली. का हसते ते काही सांगेना. "झोप. सकाळी आंबिलीचं बिंदगं उचलायचंय."

सकाळी पाहिलं तर खरंच गावाला कुलूप! आणि गुरांसकट सगळं गाव चाललंय माळावर. यंदा शेतात पूजा करावी असं पीकच नव्हतं, म्हणून सगळ्यांची मिळून एकच येळवस, गायरानावर. बायकांच्या डोक्यावर ज्वारी-ताकाच्या आंबिलीची बिंदगी म्हणजे छोट्या घागरी, टोपल्यांत भाकरी, बाजरीचे उंडे, भज्जी. ही भज्जी म्हणजे तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, पालेभाजी असं सगळं बेसनात शिजवलेलं. यंदा दाणेही बाजारातून आणले होते, पण पातेलं कोणी लहान केलं नव्हतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारली, आत पूजेला पांडव म्हणून पाच दगड मांडले. कोपीला खुंट्या कमी पडल्या तर प्लॉटच्या हद्दीला ठोकलेल्या आयत्याच होत्या! मीही एक उपटली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दूर हरणांचा कळप उभा राहून आमच्याकडे बघत होता.

पांढरी गाडी आली तेव्हा माळावर जत्रा भरली होती. प्लॉटिंगवाले शेठ पुण्याचे. ते दार उघडून तसेच उभे. मागून महसूलचे साहेब उतरले, कोप बघितली आणि आधी बूट काढले. साहेब औशाचे निघाले! लातूरकडच्या माणसाला काय शिकवायचं?

"पण... आज तर गावं रिकामी असतात ना?" शेठ साहेबांना विचारत होते. "मला तसं सांगितलं होतं. म्हणून तर मी आजची तारीख मागितली."

 सगळ्या माळावर हास्याचा असा स्फोट झाला की हरणं पळाली. मी तर खालीच बसले, पोट धरून.

"गाव रिकामं असतंय, शेठ," आक्का म्हणाली. "माणसं रानात असत्यात. बसा, वाढून राहिले."

येळवशीला आलेल्या माणसाला उपाशी धाडत नाहीत, मग तो कोणी का असेना. शेठ बसले. भज्जी दोनदा घेतली, तिसऱ्यांदा आक्कानं न विचारता वाढली. साहेबांनी आंबील पिऊन मिशा पुसल्या, गुरं पाहिली, कोप पाहिली, आक्कासोबत माळ उतरून तिचा आडही पाहिला. परत माळावर येऊन एवढंच म्हणाले, "जमीन वापरात आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तसंच लिहिणार." आक्का तेव्हा हसली नाही. पदर डोळ्यांना लावला आणि पाठ फिरवून भांडी गोळा करायला लागली. 

घरी परतून आठवडा झाला. आंबिलीची चव घरी जमत नाही, तीनदा प्रयत्न केला. खुंटी उपटल्याचा हाताला आलेला फोड गेला. काय शिल्लक राहिलं म्हणाल, तर तो माळ. आता रस्त्याकडेला "पडीक जमीन" असं काही वाचलं की मला विचारावंसं वाटतं, कुणी ठरवलं हो? आणि कुठल्या दिवशी येऊन?

काल आक्काचा फोन आला. शेठनी पाहणीवर हरकत घेतलीय. त्या दिवशी सण होता, एरवी तिथं चिटपाखरू नसतं म्हणे. फेरपाहणी होणार. या वेळी साहेब दुसरे, आणि तारीख मुद्दाम पंचांग बघून काढलेली. ना सण, ना बाजार, साधा मंगळवार.

मी विचारलं, "आता गं आक्का? आता काय करणार?"

"करणार काय? आंबील लावून राहिले," आक्का म्हणाली. "मंगळवारी येळवस हाय. ये."