पेढे खाऊन दिलेलं रक्त

नवऱ्याच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलं आणि पोटात माझ्या दुखायला लागलं.

हे फौजेतून रिटायर होऊन घरी आले, तोवर आमचा संसार म्हणजे वर्षातली एक सुट्टी. मी माण तालुक्यातल्या गावी सासू-सासरे सांभाळले, मग मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात बिऱ्हाड केलं. आता कुठे माणूस घरात दिसायला लागला, तर डॉक्टरांनी रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट बघून सांगितलं, रम बंद, साखर-गूळ बंद, खारी-बिस्किटं बंद आणि रोज झपाझप चालायचं.

हे चार भिंतीच्या टेकडीकडं चालायला जायला लागले. तिथं त्यांना ग्रुप भेटला. त्यात मूळच्या माधवनगरच्या एक रिटायर शिक्षिका. मग घरात दिवसभर तेच. "बाई म्हणत्यात, जवसाची चटणी खावा." "बाई म्हणत्यात, भात कमी करून भाकरी खावा." अहो, हेच मी दर सुट्टीत कानीकपाळी ओरडत होते! तेव्हा या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं, आणि बाईंचं मात्र वेदवाक्य. ह्यांचा आकडा उतरला, पँट सैल झाली. जवस भाजणारी मीच, कौतुक बाईंचं.

बाईंना नातवंडं होती, मला तसला संशय नव्हता. मला हेवा वाटायचा तो हसण्याचा. गल्लीच्या तोंडापर्यंत हे ग्रुपबरोबर खदाखदा हसत यायचे. उंबरा ओलांडला की गप्प, पेपरात डोकं.

शेवटी मी ठरवलं, आपणही पेशंट व्हायचं. ही तपासणी उपाशीपोटी करतात, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं, हे मला पाठ होतं. ह्यांच्या वेळी मीच पहारा दिला होता. म्हणून मी बरोबर उलटं केलं. सकाळी उठून तुपातला शिरा खाल्ला, वर कंदी पेढे, वर गुळाचा चहा. मग लॅबमध्ये जाऊन बिनदिक्कत सांगितलं, कालपासून उपाशी आहे.

रिपोर्ट चढा आला. मी मनातून खूश. हे मात्र तो बघून घाबरले. दुसऱ्या दिवसापासून ग्रुप बंद. माझ्यासाठी मटकीची उसळ केली, तीही अर्धी कच्ची. संध्याकाळी मला हाताला धरून फिरायला नेलं. त्या आठवड्यात मला जगात कुणाचा हेवा वाटला नाही.

पण डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं आणि या खेपेला पहाऱ्यावर हे होते. रिपोर्ट नॉर्मल.

"देव पावला," हे लॅबच्या दारातच म्हणाले. "मग उद्यापासनं मी परत ग्रुपला जातो."

मला रडूच फुटलं. लोक बघत होते, तरी सगळं सांगून टाकलं.

"आवं, पेढे खाऊन रक्त दिलं हुतं मी, तुमी घरात ऱ्हावं म्हणून. लय जळते मी त्या ग्रुपवर. उभा जल्म तुमी भाईर, आन् आता बी भाईरच?"

वाटलं, चिडतील. ते रिपोर्टची घडी घालत राहिले.

"आगं, मी नवा नवा घरी आलो तवा तूच म्हणाली हुतीस," ते म्हणाले. "पायात पायात येता, जरा भाईर जावा. म्हणून जात हुतो."