हनुवटीवरचं बोट

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो कन्नड गावच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या सरांचा. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजचा अर्ज सरांनी भरला, एसटीत शेजारी बसून मला संभाजीनगरला आणलं तेही त्यांनीच. शिकवताना ते हनुवटीला बोट लावून उभे राहत. आम्ही पोरंही विचार करताना तसंच बोट लावायचो.

पुढे मी इथल्या प्रयोगशाळेत मेंदूच्या आजारांच्या जनुकांवर काम करू लागलो. एकदा सर पुंडलिकनगरला माझ्या खोलीवर आले.

"तुझं ते जनुक समजाव मला. एका ओळखीच्याला तसला आजार आहे."

मला कोण आनंद झाला! मी सांगितलं, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा निरोप पेशीच्या दाराशी येतो, तो आत पोचवतं ते जी-प्रथिन. त्याचं जनुक बिघडलं की निरोप अडतो आणि काहींची मान आपोआप वळायला लागते. पार्किन्सनमध्येही डोपामिनच्याच निरोपांचा घोळ असतो.

"पोरांना होतं का?"

"बिघडलेलं जनुक जायची शक्यता निम्मी. गेलं तरी आजार होईलच असं नाही."



पुढच्या वर्षी सरांनी मुलासाठी माझ्या बहिणीला मागणी घातली. बैठकीत माझ्या मामांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "घरात काही दुखणं? मागून लचांड नगं."

"नाय मामा. समदं ठणठणीत." सरांचं बोट हनुवटीलाच.

"मास्तर लई इचार करत्यात!" मामा म्हणाले. सगळी बैठक हसली, मीही.

लग्नानंतरच्या दिवाळीत सर माझ्याकडे फराळाचे डबे घेऊन जिना चढले. दोन्ही हात अडकलेले, मान डाव्या खांद्याकडे वळलेली. डबे खाली ठेवून त्यांनी हनुवटीला बोट लावलं आणि मान सरळ झाली. नुसत्या स्पर्शाने मान सरळ होणं, ही मान वळण्याच्या त्या आजाराची खूणच आहे.

"सर, तो ओळखीचा..."

"मीच रे. तुझ्याकडं आलो त्याच्या आधीच पुण्यात तपासलं होतं. सांगितलं असतं तर दिली असती का बहीण? पोराला ठाऊक नाय. तू बोलू नको."

कदाचित दिलीही असती. ते आता मला कधीच कळणार नाही. बहिणीला तेव्हा दिवस गेले होते. सर घरी परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं, फोनवर मला बोलता आलं नसतं.

"ती. सरांना सा. नमस्कार.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी काहीही न लपवता सांगितलं होतं. बहीण या महिन्याअखेर माझ्याकडे येते आहे. त्याआधी तुमच्या मुलाला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी दोघांनाही सांगणार आहे. मान फार दुखत असेल तर इथं या, डॉक्टरांकडे मी नेईन.

तुमचा विद्यार्थी"