समोरची म्हैस

ते गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजायचे. दुष्काळात दूध आटलं, संस्था बंद पडली. मग चारा छावणीत आपल्या म्हशीजवळ बसून, पन्नाशीत, ते माझ्यासारख्या शाळामास्तराकडून चित्रकला शिकू लागले. रेघ मारताना श्वास धरायचे. खोडण्याआधी खोडरबर कपाळाला लावायचे. म्हैस मात्र नेहमी गुबगुबीत काढायचे.

"मनातली नको, समोरची काढा," एकदा मी वैतागून म्हणालो.

त्यांनी म्हशीकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक बरगडी काढली. चित्र पहिल्यांदाच साधलं होतं. मी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या बाजारात त्यांनी ती म्हैस खाटकाला विकली.

"का विकलीत?" मी विचारलं.

"रोज चारा टाकत व्हतो गुरुजी, पण बगितलंच नव्हतं. बगितल्यावर ठेववंना."