पहिला हात

कुवेतमध्ये शिकारीची परवानगी कुठं मिळते, हे तुम्हाला कोणी विचारलं आहे का? मला दर हिवाळ्यात विचारतात. खैतानमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर कोकणातले चौघे एका खोलीत राहतात. मी त्यांना डबा देते. हवा गार झाली की शुक्रवारी ते वाळवंटात जातात आणि येताना काहीतरी घडवून येतात. असे किस्से साठतच जातात.

*

सखारामभाऊ त्यांच्यातले थोरले, प्लंबर. त्यांनी एकदा रबराची बेचकी केली आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनवर नेम धरला. गस्तीचा पोलीस आला. म्हणाला, "निशानेबाजी क्लब में. इधर मना."

भाऊ म्हणाले, "साहब, ये तो बच्चों का खेल है."

पोलिसानं चौघांच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं. "बच्चे किधर हैं?"

बेचकी तोच घेऊन गेला.

*

अनंत ड्रायव्हर आहे. त्याचे मालक वयस्कर अरब, ससाणा पाळतात. एकदा गाडीसमोर हुबारा आला. ह्या पक्ष्याची शिकार बंद आहे. अनंतनं गाडी हळू केली. "बाबा, बाज छोडो ना. कोई देखता नहीं."

बाबांनी ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली नाही. नुसतं वर बोट दाखवलं.

अनंत मला म्हणाला, "वयनी, मी आधी कॅमेराच शोधला."

*

आणि परवाचं. राखीव रानाच्या कुंपणापाशी छर्रा लागून एक पक्षी पडला. मारणारे गाडी घेऊन पळाले. आपले बाकीचे तिघे लांब चहा करत होते. अनंत धावला आणि त्यानं पक्षी उचलला. तेवढ्यात गस्तीची गाडी आली.

"किसका है?"

त्याच्या गावच्या पारधीत पडलेल्या जनावराला जो पहिला हात लावतो, त्यानं लगेच बोलायचं असतं. मग मानाचा वाटा त्याचा, बाकीचे वाटे सगळ्यांचे. लहानपणापासूनची सवय. अनंत म्हणाला, "मेरा."

पुढं त्यानं कितीही समजावलं, तरी तो शब्द मागं घेता आला नाही. त्याला एकट्याला नेलं. अशात माणसाला थेट विमानात बसवतात. गावी त्याच्या मुलीचं, सायलीचं, नर्सिंग अजून अर्धं राहिलंय.

संध्याकाळी मी डबे द्यायला खाली गेले, तेव्हाच त्याचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला. "मी एकटाच होतो असं सांगितलंय. कोणी इकडं फिरकू नका. नायतर चौघांचे व्हिसा जातील."

"बरं," भाऊ म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "वयनी, उद्या डबे नकोत."

"का हो? उपास आहे?"

"नाही. कामावर जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिघे धुतलेले शर्ट घालून, आपापली सिव्हिल आयडी हातात धरून, पोलीस स्टेशनच्या दारात उभे राहिले.